उशीवर बसा, हलू नका!

सणाच्या दिवशी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडावं? गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजोबांचं? की एखाद्या बड्या पाहुण्यांचं? रशियातल्या चुवाश लोकांना विचाराल तर उत्तर मिळेल, एखाद्या चिमुरड्या मुलीचं!

मंकुन हा त्यांचा वसंतातला मोठा सण. आता तो ईस्टरच्या दिवसांत येतो. पूर्वी त्या दिवशी सकाळी मुलं घरोघर फिरायची आणि पहिली आत येईल ती मुलगीच असावी, अशी घरच्यांची धडपड असायची. मुलगी आधी आली तर गोठ्यात कालवडी जास्त होतात, अशी समजूत होती. मग त्या छोट्या पाहुणीला मानानं आत नेऊन मऊ उशीवर बसवायचे. खाऊ मिळायचा, पण एका अटीवर : चुळबुळ करायची नाही. एकदम गप्प, स्थिर बसायचं. का? तर ती जितकी शांत बसेल, तितक्याच शांतपणे त्या घरच्या कोंबड्या नि बदकं अंड्यांवर बसतील आणि भरपूर पिल्लं निघतील!

हसू आलं ना? आता जरा विचार करा. खुडूक कोंबडी अंड्यांवर सुमारे २१ दिवस बसते. अंड्याला साधारण साडेसदतीस अंश सेल्सिअसची ऊब लागते. दाणापाण्यासाठी ती दिवसातून थोडा वेळ उठते, पण सारखी ऊठबस करू लागली, तर अंडी गार पडतात आणि आतला जीव वाढत नाही. मुलगी उशीवर कशीही बसली, तरी कोंबडीला त्याचं काय? काहीच नाही. पण पाच मिनिटं न हलता बसून पाहिलेल्या मुलीला कोंबडीची किंमत नक्की कळत असणार. खुराड्यात जाऊन तिला उगाच हुसकावू नये, हे तिला वेगळं सांगावं लागत नसेल. चुवाश लोकांच्या रीती वाचताना मला हीच गंमत पुन्हा पुन्हा दिसते. रीत सांगते एक आणि मूल शिकतं भलतंच काहीतरी, बहुतेक वेळा जास्त उपयोगाचं.

हे लोक राहतात कुठे? नकाशात मॉस्को शोधा आणि तिथून पूर्वेला सुमारे सहाशे किलोमीटर सरका. व्होल्गा नदीच्या काठी चेबोक्सारी नावाचं शहर सापडेल. चुवाश लोक त्याला शुपाश्कर म्हणतात. ही चुवाश प्रजासत्ताकाची राजधानी. त्यांची भाषा तुर्की कुळातली, पण त्या कुळातही एकटी पडलेली. तिच्या शाखेच्या बाकी सगळ्या भाषा केव्हाच लोपल्या, ही एकटीच उरली आहे. आणि हो, १९६२ साली व्होस्तोक-३ यानातून पृथ्वीभोवती ६४ फेऱ्या मारणारे आंद्रियान निकोलायेव्ह हे चुवाशच. शोर्शेली नावाच्या खेड्यातले. अंतराळात पट्टे सोडून यानात तरंगणारा पहिला माणूस म्हणजे तेच!

पूर्वी अशा खेड्यात बाळ जन्मलं की शिकवणी लगेच सुरू. मुलगा असेल, तर त्याची नाळ कुऱ्हाडीच्या दांड्यावर ठेवून कापत आणि मुलगी असेल, तर सूत कातायच्या चातीवर. म्हणजे हा लाकूडकामात तरबेज होवो, ही सूत कातण्यात. (मुलीला कुऱ्हाड का नाही, असं तुमच्यातल्या कुणीतरी विचारणारच. विचाराच. लाकूड फोडणाऱ्या बायका त्या थंड मुलखात काही कमी नव्हत्या.)

त्या काळी लसी नव्हत्या, औषधं नव्हती. पुष्कळ बाळं तान्ही असतानाच दगावत. एखाद्या घरात असं वारंवार झालं की पुढच्या बाळासाठी एक नाटक रचलं जाई. बाळाला केरकचऱ्यावर ठेवायचं आणि कुणीतरी ते उचलून आणून म्हणायचं, 'अहो, मला हे कचऱ्यात सापडलं!' बाळाचं नावही ठेवायचं स्युप्पी, म्हणजे चक्क कचरा. दुष्ट शक्तींना वाटावं की हे टाकाऊ पोर आहे, याला नेऊन काय करायचं! आता तुमच्या पणजोबांच्या पिढीतली नावं आठवा बरं. केरू, केरबा, दगडू, धोंडू... आपल्याकडेही मुलं जगत नसली की अशीच नावं ठेवत. व्होल्गाकाठची ती आई आणि सह्याद्रीतली ही आई एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, पण भीती सारखीच आणि तोडगाही सारखाच.

आता हिवाळ्यात चला. चेबोक्सारीत डिसेंबरअखेरीस दिवस जेमतेम सात तासांचा असतो. दुपारी चारच्या आत अंधार! बाहेर बर्फ. अशा वेळी सुर्खुरीचा सण येई. मुलांची टोळी गाणी म्हणत दारोदार जाई, 'तुमच्या मेंढ्यांना खूप कोकरं होवोत' अशा शुभेच्छा देई आणि घरोघरचे लोक त्यांच्या पिशवीत वाटाणे, पीठ, लोणी टाकत. मग एका घरी जमून मुलं ते सगळं शिजवून खात. सुर्खुरीतला वाटाणा नुसता खायचा नसतो. भाजलेले वाटाणे मुठीनं वर उधळायचे, की मेंढरं वाढलीच म्हणून समजा.

थोरल्या मुलींचा खेळ तर आणखी मजेदार. त्या मिट्ट काळोखात मेंढ्यांच्या गोठ्यात शिरायच्या आणि चाचपडत एका मेंढीचा पाय पकडायच्या. पकडली ती मेंढी पांढरी निघाली, तर नवरा सोनेरी केसांचा आणि काळी निघाली, तर काळ्या केसांचा! भविष्य खरं ठरत होतं का, ते सोडा. पण अंधारात, मेंढ्यांच्या धक्काबुक्कीत, लाथ न खाता नेमका पाय पकडायला केवढी हिंमत लागत असेल!

हिवाळ्याच्या उरलेल्या लांबच लांब संध्याकाळी उलाख भरत. उलाख म्हणजे एखाद्या घरी मुलींनी जमायचं, सूत कातायचं, कशिदा काढायचा आणि हात चालू असताना गाणी, गोष्टी, कोडी. धाकट्या बहिणी बाजूला बसून ऐकत आणि बघत.

आणि उन्हाळ्यात? पेरण्या आटोपल्या की सिन्से सुरू होई. त्या दिवसांत जमीन गरोदर असते, अशी चुवाश लोकांची श्रद्धा. मग तिला दुखवून कसं चालेल? नांगरायचं नाही, खणायचं नाही, जमिनीत खुंटासुद्धा ठोकायचा नाही. रंगीत कपडे बाजूला ठेवून पांढरे घालायचे. मुलांनाही हेच नियम. हातात काठी घेऊन माती उकरायला बसलेल्या पोराला आजी कशी ओरडत असेल, ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा! हेच दिवस तिकडे राय फुलायचे. राय म्हणजे आपली मोहरी नव्हे; गव्हाच्या नात्यातलं धान्य. ते शरद ऋतूत पेरतात, बर्फाखाली झोपून ते हिवाळा काढतं आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतं. त्याच्या फुलांना ना रंग, ना वास. मधमाश्यांचं तिथे काम नाही. परागकण वाराच नेतो. तेवढ्या दिवसांत शेताला कुणी हात लावला नाही, तर पिकाचं भलंच होणार. परागीभवन हा शब्द न ऐकलेल्या मुलांनाही एवढं पक्कं माहीत असे की आत्ता शेतात काहीतरी महत्त्वाचं चाललंय, मध्ये लुडबुडायचं नाही.

अकातुय या नांगरणीच्या सणात घोड्यांच्या शर्यती आणि कुस्त्या होतात. पैलवान एकमेकांच्या कमरेभोवती टॉवेल अडकवून झुंजतात आणि शेवटपर्यंत न हरणाऱ्याला बक्षीस म्हणून मेंढा मिळतो. बाकीची बक्षिसं म्हणजे कशिदा काढलेले टॉवेल. पूर्वी ते वर्षभरात लग्न झालेल्या नव्या सुनांकडून गोळा करत. म्हणजे कुणाच्या हातात किती कला आहे, ते अख्ख्या गावापुढे येई!

शाळा नव्हत्या का, असं वाटलं असेल. होत्या थोड्या, पण चुवाश मुलांना त्यांच्या भाषेत शिकवणाऱ्या फारशा नव्हत्या. इव्हान याकोव्हलेव्ह नावाचा एक अनाथ चुवाश मुलगा शेतकरी कुटुंबात वाढला, पुढे सिंबिर्स्क शहरात शिकायला गेला. स्वतः विद्यार्थी असतानाच, अवघ्या विसाव्या वर्षी, १८६८ मध्ये त्यानं चुवाश मुलांसाठी शाळा काढली. १८७१ मध्ये त्यानं रशियन अक्षरांवरून चुवाश लिपी बसवली आणि पुढच्याच वर्षी मुलांसाठी अंकलिपी छापली. २५ एप्रिल हा याकोव्हलेव्ह यांचा वाढदिवस आता चुवाश भाषा दिन म्हणून साजरा होतो.

गावातल्या सणांचं, खेळांचं, कोड्यांचं मात्र कुणी शास्त्र म्हणून पुस्तक लिहिलं नव्हतं. ते काम गेन्नादी वोल्कोव्ह यांनी केलं. १९२७ साली जन्मलेले हे चुवाश संशोधक म्हणायचे की खेड्यातली माणसं मुलं वाढवतात, त्यातही एक पद्धत असते, ती शोधून अभ्यासायला हवी. १९५८ मध्ये त्यांनी चुवाश लोकांच्या या पद्धतीवर पुस्तक लिहिलं आणि पुढे या अभ्यासाला नाव दिलं 'एथ्नोपेडागोगिका', म्हणजे लोकशिक्षणशास्त्र. वोल्कोव्ह २०१० मध्ये वारले, पण त्यांनी दिलेलं नाव रशियाभर रुजलं.

आता ज्याची मला सर्वांत जास्त भुरळ पडली, त्या चुवाश कशिद्याकडे वळू. मुली पाच-सहा वर्षांच्या झाल्या की सुई हातात घेत. पांढरं, घरी विणलेलं जाड कापड. त्यावर चित्र काढून घ्यायचं नाही, थेट कापडाचे धागे मोजायचे. आधी काळ्या धाग्यानं नक्षीची कडा, मग आत लाल भरणी. एक धागा मोजायला चुकला की पुढचं सगळं फूल तिरकं आणि ते उसवण्याची शिक्षा आपली आपल्यालाच! बेरीज, गुणाकार, सममिती, सगळं त्या चौकोनी नक्षीत आलं. आणि यातली खरी करामत म्हणजे कापड उलटं केलं तरी नक्षी तशीच दिसते. मागची बाजू म्हणून काही नाहीच.

हे कसं जमतं? कडेची साधी रेघ तुम्हीही काढू शकाल. शाळेत कार्यानुभवाला वापरतात ते मॅटीचं कापड घ्या. सरळ रेषेत धावदोरा घाला : चार धागे वरून, चार धागे खालून. ओळ संपली की पुढून बघाल तर टाका, रिकामी जागा, टाका, रिकामी जागा असं दिसेल. मागेही तसंच, फक्त पुढे जिथे टाका तिथे मागे रिकामं. आता कापड न फिरवता त्याच ओळीनं परत या. जुन्याच भोकांतून सुई घाला आणि रिकाम्या जागा भरत चला. सुरुवातीला पोहोचाल, तेव्हा दोन्ही बाजूंना अखंड रेघ! गाठ मात्र मारायची नाही. दोऱ्याचं टोक टाक्यांच्या खाली सरकवून दडवायचं, नाहीतर मागची बाजू लगेच चुगली करेल. सरळ रेघ जमली की पायऱ्यापायऱ्यांची नागमोडी काढून बघा. आणि झालं की घरातल्या कुणापुढेही ते कापड धरून विचारा, याची सुलटी बाजू कुठली?