ब्रेक दाबला की गाडी थरथरते?

पावसाळा लागला की प्रत्येक ग्रुपचा ताम्हिणीचा प्लॅन ठरतोच. आमचाही ठरला. पाच जण आणि बाबांची जुनी हॅचबॅक. घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. ‘रस्ताच खराब आहे रे,’ म्हणत आम्ही गाण्यांचा आवाज वाढवला!

परत आल्यावर गॅरेजवाल्या काकांनी चाक काढलं. डिस्कच्या कडेला बोटाला लागेल असा कंगोरा. ‘पॅड दोनदा बदललेत, डिस्ककडे कुणी बघितलंच नाही,’ काका म्हणाले. पोटात गोळाच आला.

डिस्क किंवा रोटर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. ब्रेक दाबला की कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड तिच्यावर आवळतो. घर्षण होतं, उष्णता तयार होते आणि गाडी थांबते. या घासाघाशीत पॅड झिजतात, तशी डिस्कही झिजते. पातळ डिस्क लवकर तापते. लांब उतारावर ब्रेक फार तापले, तर पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही.

मग बदलायची कधी? ठरावीक किलोमीटर असं काही नसतं. किमान जाडीचा आकडा बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेला असतो. समजा तिथे 20 मिमी आहे आणि मोजल्यावर 19.5 भरली, तर ती डिस्क बाद. तडा किंवा खोल चरे दिसले, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, ब्रेक दाबताना पेडल पायाखाली धडधडलं, तर गाडी लगेच दाखवा. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर आलेला हलका गंज मात्र चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो, त्याला घाबरू नका.

डिस्क एकाच बाजूची बदलू नका. डावी-उजवी जोडीनेच बदला, सोबत पॅडही नवे घ्या. बाइकवाल्यांनो, तुमच्याही डिस्कवर हा आकडा असतो बरं का!

आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायचा शहाणपणा नको. खालच्या गिअरमध्ये उतरा, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येत नाही.

आमच्या गाडीला आता नवी जोडी बसलीय. पुढच्या ट्रिपआधी प्लेलिस्ट नंतर, चाकं आधी!