विकरांचे प्रमाण आणि कर्करुग्णाचे पूर्वानुमान

अशी कल्पना करा की धाराशिव तालुक्यातील बेंबळी गावी एका गृहस्थांच्या मानेत गाठ आली आणि तपासणीअंती ती लसीका ग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, असल्याचे ठरले. रक्ताच्या अहवालात 'एलडीएच' या अक्षरांपुढील आकडा कमाल मर्यादेच्या वर गेलेला आहे. घरातील शिकलेली मुलगी तो अहवाल वाचते आणि डॉक्टरांना विचारते, "बाबा बरे होतील ना?" या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात कितपत असते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. शरीरातील रासायनिक क्रियांना गती देणाऱ्या, परंतु स्वतः खर्ची न पडणाऱ्या प्रथिनांना विकर किंवा एंझाइम म्हणतात. (एका कान्याने 'विकर'चा 'विकार' होतो, उत्तरपत्रिकेत हे जपावे.) ज्या मोजता येणाऱ्या घटकावरून शरीराची स्थिती कळते, तो जैवचिन्हक होय. 'निदान' रोग कोणता ते सांगते, तर 'पूर्वानुमान' त्याची पुढील वाटचाल. आयुर्वेदाने रोगांची साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशी विभागणी केली, ती पूर्वानुमानाचीच होती. आधुनिक वैद्यकाने तिला मोजमापाची जोड दिली.

एलडीएच म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजनेज. पायरुव्हेट आणि लॅक्टेट यांचे परस्परांत रूपांतर घडविणारे हे विकर जवळजवळ सर्व पेशींत असते. कर्कपेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्ल तयार करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकात दाखवले. वेगाने वाढणाऱ्या गाठीत पेशी मरतातही पुष्कळ. त्या फुटल्या की आतील विकर रक्तात उतरते. त्यामुळे रोगाचा भार आणि वेग यांचा स्थूल अंदाज एलडीएचवरून येतो.

आक्रमक लिम्फोमासाठी 1993 मध्ये एक आंतरराष्ट्रीय निर्देशांक तयार झाला. साठीपलीकडील वय, वाढलेले एलडीएच, रोगाची तिसरी वा चौथी अवस्था, दैनंदिन हालचालींची खालावलेली क्षमता आणि लसीका ग्रंथींबाहेर एकाहून अधिक ठिकाणी झालेला प्रसार, असे त्यात पाच घटक आहेत. सर्वांत कमी जोखमीच्या गटातील सुमारे 73 टक्के, तर सर्वाधिक जोखमीच्या गटातील सुमारे 26 टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. हे आकडे रिटुक्सिमॅब हे औषध प्रचारात येण्यापूर्वीचे आहेत. आज स्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरीही जुन्या आकड्यांकडे नीट पाहावे. सर्वांत वाईट गटातही शंभरातील सव्वीस जण पाच वर्षे जगले. बेंबळीचे ते गृहस्थ त्या सव्वीसांत असतील की उरलेल्यांत, हे निर्देशांक सांगत नाही. शिवाय एलडीएच हा पाचांपैकी एकच घटक आहे.

त्यातही तो आकडा खरा असावा लागतो. तांबड्या पेशींत एलडीएच विपुल असते. रक्त घाईने ओढले, नळी जोरात हलवली, किंवा रक्तद्रव वेगळा न करता नमुना तासन्‌तास उन्हातून नेला, तर पेशी फुटतात आणि रोग न वाढताही आकडा वाढतो. गावात रक्त घेऊन ते दूरच्या प्रयोगशाळेत पाठवले जाते, तेथे ही शक्यता विशेष ध्यानात ठेवावी. यकृताचे विकार, हृदयविकाराचा झटका, काही प्रकारचे पांडुरोग यांतही एलडीएच वाढते.

इतर विकरांचा इतिहासही उद्बोधक आहे. पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात ॲसिड फॉस्फटेज वाढते, हे गटमन दांपत्याने 1938 मध्ये दाखवले. चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये संप्रेरकांवरील उपचारांनंतर ते उतरते हे सिद्ध केले. 1966 चे नोबेल पारितोषिक त्यांना याच उपचारांच्या शोधासाठी मिळाले. आज त्या विकराची जागा घेतलेले पीएसए हेदेखील प्रथिनांचे विघटन करणारे विकरच आहे.

अशा चिन्हकांना अर्थ येतो तो रुग्णांच्या पाठपुराव्यातून. आकडा आज मोजला. पण रुग्ण पाच वर्षांनी हयात आहे काय, हे कोणी पाहिले? उपचार अर्धवट सोडून गावी परतलेल्यांचा पत्ता लागला नाही, तर उरलेल्यांवरून काढलेले प्रमाण फसवे ठरते. या दृष्टीने बेंबळीच्या शेजारचे उदाहरण महत्त्वाचे आहे. टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने बार्शी येथे 1987 मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतील 346 गावे तिच्या कक्षेत होती. कार्यकर्ते गावोगावी जाऊन रुग्ण आणि मृत्यू यांची माहिती घेत. विकसनशील देशांतील कर्करुग्णांच्या जीवितकालाविषयी 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय ग्रंथात मुंबई आणि मद्रास यांच्या बरोबरीने बार्शीचीही माहिती आली. या नोंदणीत विकरे मोजली जात नव्हती. परंतु कोणत्याही विकराची परीक्षा ज्या माहितीवर व्हावी लागते, ती तिने खेड्यांतून मिळवता येते हे दाखवले.

आता त्या मुलीकडे वळू. तिने डॉक्टरांना विचारावे : नमुन्यात रक्तपेशी फुटल्याचा शेरा आहे काय? चाचणी पुन्हा करावी काय? उरलेले चार घटक काय सांगतात? आणि पहिल्या काही औषधफेऱ्यांनंतर हा आकडा, तसेच गाठीचा आकार, कोणत्या दिशेने जात आहे?