चाकू जुना आहे, पण रॉजर्सचा आहे का?

मुलुंड-घाटकोपर पट्ट्यात चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका रिकाम्या होतात आणि त्यातलं सामान भंगारवाल्याकडे जातं. त्यात कधीतरी एखादा दुमडता चाकू निघतो. आजोबांनी बोरू तासायला, सुपारी कातरायला, पाडाचा आंबा चिरायला वापरलेला. माझं आयुष्य टूलरूममध्ये पोलादावर अक्षरांचे पंच कोरण्यात गेलं, म्हणून ओळखीचे लोक असे चाकू माझ्याकडे घेऊन येतात. प्रश्न ठरलेला असतो: ‘काका, हा खरा रॉजर्स आहे का?’

जोसेफ रॉजर्स अँड सन्स ही इंग्लंडमधल्या शेफिल्डची पेढी. तिची खूण म्हणजे एक तारा आणि शेजारी माल्टीज क्रॉस. ही खूण १६८२ सालापासूनची. शेफिल्डच्या कारागिरांच्या खुणा नोंदवणारी कटलर्स कंपनी त्याच्याही आधीची, १६२४ची. रॉजर्सचं नाव इतकं मोठं झालं की नकला सुरू झाल्या. रॉजर्सचा ठसा आपल्या चाकूंवर मारणाऱ्या नॉविल नावाच्या मंडळींविरुद्धचा खटला इंग्लंडच्या कोर्टात गाजला, तो १८४०च्या दशकात. पुढे जर्मनीतल्या झोलिंगेनचा स्वस्त मालही शेफिल्डच्या नावाने विकला जाऊ लागला. अखेर ब्रिटनने १८८७ साली आणि हिंदुस्थान सरकारने १८८९ साली खोट्या व्यापारी खुणांविरुद्ध कायदे केले.

म्हणून गंज पाहून भुलणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो. नकलीचं वयही सव्वाशे वर्षांचं असू शकतं. पातं झिजलेलं, हाडाची मूठ पिवळी पडलेली, सगळं अस्सल जुनं, आणि ठसा मात्र पहिल्या दिवसापासून खोटा.

ठसा असतो पात्याच्या बुडाशी, खिळ्याजवळच्या सपाट जागेवर. घड्याळजीचं दहापट भिंग घ्या आणि उजेड तिरपा पडू द्या. जुना कारागीर पातं घडवताना, पोलाद मऊ असतानाच ठसा मारायचा. नंतर पातं तापवून पाणी द्यायचं आणि मग सहाणेवर घासायचं. त्यामुळे अक्षराच्या कडेला दाबून वर आलेलं पोलाद घासण्यात निघून जातं आणि कडा बोटाला सपाट लागते. तयार पात्यावर मागाहून पंच मारला तर कडेला बारीक वरंबा राहतो, तो नखाला अडकतो. शिवाय पाणी दिलेल्या पोलादावर पंच नीट बसतच नाही. तो बसावा म्हणून पातं पुन्हा तापवून मऊ केलं, तर धार टिकत नाही. लेझरने कोरलेलं अक्षर तर लगेच कळतं. त्याचा तळ एकसारखा, जळका काळसर आणि रेघेची रुंदी कुठेच बदलत नाही. पंचाच्या अक्षराचा तळ निमुळता असतो. आणखी एक पाहा: अख्खा ठसा एकाच पंचाचा असेल तर ओळ सरळ येते. सुटी अक्षरं एकेक करून ठोकली की ती वर-खाली नाचतात. आणि गंज अक्षराच्या पोटातही पातं असेल तितकाच जुना हवा. काळवंडलेल्या पात्यात चकचकीत अक्षर दिसलं, तर ते काल-परवाचं समजा.

मग अक्षरं वाचा. रॉजर्सच्या स्पेलिंगमध्ये ‘ओ’ आणि ‘जी’च्या मधे ‘डी’ आहे. नकली मालात तो पुष्कळदा गळलेला असतो. कोर्टात ओढलं गेलं तर सांगायला बरं, म्हणून ही फट ठेवत असावेत असं माझं मत. मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर असतील तर राणी व्हिक्टोरिया, म्हणजे १९०१ पर्यंतचा काळ. तिथे ‘कटलर्स टू हर मॅजेस्टी’ हवं. व्ही-आरच्या खाली ‘हिज मॅजेस्टी’ दिसलं, तर विकणाऱ्याला नमस्कार करून निघावं. व्ही-आर आणि ‘स्टेनलेस’ एकाच पात्यावर असतील तरी तेच, कारण हॅरी ब्रियरलीने शेफिल्डमध्ये गंज न चढणारं पोलाद तयार केलं ते १९१३ साली. ‘इंग्लंड’ हा शब्द असलेले चाकू बहुधा १८९१ नंतरचे, कारण आयात मालावर देशाचं नाव हवं असा अमेरिकेचा कायदा तेव्हा लागू झाला. मात्र एवढ्या एकाच शब्दावर काळ ठरवू नये.

मूठ हस्तिदंती असेल तर हात लावू नका. वन्यजीव कायद्याने हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी आहे. आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, तेव्हा परदेशातल्या भाच्याला भेट पाठवण्याआधी चौकशी करा.

नकली निघाला म्हणून चाकू फेकून देऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती. एकोणिसाव्या शतकातली झोलिंगेनची नक्कल हीसुद्धा व्यापाराच्या इतिहासाची वस्तू आहे. माझ्या पेटीत अशा चाकूंना वेगळा कप्पा आहे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. विकत घेताना दुकानदाराकडून पावतीवर ‘रॉजर्सचा ठसा असलेला जुना चाकू’ एवढंच नको, ‘रॉजर्स कंपनीचा’ असं लिहून मागा. तो लिहायला कचरला, तर नकलेचीच किंमत द्या.