ड्रोमोलँडचे ओब्रायन घराणे : वंशावळ आणि वारसाहक्क

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील ओब्रायन घराणे आपले मूळ ब्रायन बोरू या राजापर्यंत नेते. ब्रायन इ.स. १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. नावातील ‘ओ’ या उपपदाचा अर्थच ‘नातू’ किंवा ‘वंशज’ असा आहे. मात्र या वंशावळीचे महत्त्व केवळ तिच्या प्राचीनतेत शोधणे अपुरे ठरते. वारसा ठरविण्याचा नियम बदलला, की त्याच वंशावळीचा अर्थही बदलतो.

गेलिक कायद्यानुसार ज्येष्ठ पुत्र हा आपोआप वारस ठरत नसे. समान पणजोबापासून उतरलेल्या भाऊबंदांतून कर्त्या पुरुषाची निवड होई व भावी प्रमुख आधीच नेमला जाई. १५४३ मध्ये थोमंडचा शासक मरो ओब्रायन याने आपले राज्य आठव्या हेन्रीला अर्पण केले आणि ते सरदारकीच्या रूपाने परत स्वीकारले. या व्यवहारातील तडजोड लक्षणीय आहे. थोमंडची अर्ल ही पदवी मरोला हयातीपुरती मिळाली. त्याच्या पश्चात ती गेलिक रीतीने ठरलेल्या वारसाकडे, म्हणजे त्याच्या डोनो या पुतण्याकडे जावयाची होती. इन्शिक्विनची बॅरन ही पदवी मात्र मरोच्या पुत्रपरंपरेत राहिली. एकाच सनदेच्या व्यवहारात दोन कायदे नांदले. पण डोनोच्या भावाने जुन्या रीतीवर हक्क सांगताच भाऊबंदकी उफाळली.

मरोच्या एका धाकट्या पुत्राची शाखा लेमाने येथे स्थिरावली. या शाखेतील कॉनर ओब्रायन १६५१ मध्ये क्रॉमवेलच्या सैन्याशी लढताना कामी आला. त्याची विधवा मॉरा रुआ हिने क्रॉमवेलच्याच सैन्यातील जॉन कूपर या अधिकाऱ्याशी विवाह केला व मुलासाठी जमीन राखली. लोककथांनी तिला पंचवीस पती बहाल केले आहेत. कागदपत्रांत तीनच आढळतात. हा मुलगा, सर डोनो, पुढे ड्रोमोलँडला राहावयास गेला. आज दिसणारा गॉथिक धाटणीचा वाडा मात्र एकोणिसाव्या शतकातील असून तो पेन बंधूंनी रचला.

१८५५ मध्ये इन्शिक्विनची ज्येष्ठ शाखा निर्वंश झाली. तेव्हा ड्रोमोलँडच्या सर ल्युशियस यांना तीन शतकांमागील मरोपर्यंतचा वंशक्रम सिद्ध करावा लागला. १८६२ मध्ये लॉर्ड्स सभेने तो मान्य केला. त्यांच्या भावंडांना बॅरनच्या अपत्यांचा दर्जा मिळाला, परंतु १८४८ च्या उठावाचे नेते विल्यम स्मिथ ओब्रायन यांना राजद्रोही म्हणून वगळण्यात आले. रक्त तेच असूनही राजदरबारच्या लेखी ते वेगळे ठरले.

वंशावळ टिकली, तरी जमीन टिकली नाही. विसाव्या शतकातील जमीन-कायद्यांनी कुळे मालक झाली व वाड्याचा खर्च पेलवेनासा झाला. १९६२ मध्ये बर्नार्ड मॅकडोना या अमेरिकी उद्योजकाने ड्रोमोलँड विकत घेऊन तेथे हॉटेल उभारले. सोळाव्या बॅरनने त्याच परिसरात स्वतःसाठी लहान घर बांधले.