मोटारसायकल ठेवावी कीं विकावी?

बैल थकला म्हणजे शेतकऱ्यास तें लवकर कळतें. तो तासांत मध्येंच उभा राहतो, चढावर गुडघे टेकतो, आणि दांत पाहिले कीं वयाचा हिशोब लागतो. मग घरांत विचार होऊन कांहीं निश्चय ठरतो. मोटारसायकलीची गोष्ट उलट आहे. तिला टायर, साखळी व तेल नवें घातलें कीं ती पुन्हा तरुण होते. थकतो तो वर बसणारा. आणि त्याचे दांत पाहण्याची चाल आपल्यांत नाहीं.

आमच्या वाचकांत पन्नाशी उलटलेले व दारीं जुनी मोटारसायकल असलेले गृहस्थ पुष्कळ असावेत. त्यांच्याकरितां हा प्रश्न येथें मांडीत आहों. प्रथम आमचा स्वतःचा अनुभव सांगतों. तो फारसा भूषणावह नाहीं, परंतु उपयोगी पडण्यासारखा आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून गेल्या वर्षीं वयाच्या ५८ व्या वर्षीं निवृत्त झालों. १९९२ सालीं आम्हीं बुलेट घेतली. सरकारी दप्तर, खताचीं पोतीं, बियाणें, बाळंतपणास निघालेली बहीण, सर्व कांहीं तिनें वाहिलें. तिचें वजन दीड क्विंटलाहून अधिक. ती सुरू करण्यापूर्वीं डाव्या हाताची कळ दाबून दिव्याच्या टोपावरील काटा मध्यावर आणावा लागतो. त्यांत चूक झाली तर किक उलटते व घोट्यास मार बसतो. शिवाय या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायाखालीं व ब्रेक डाव्या पायाखालीं आहे. हल्लींच्या गाड्यांत हें बरोबर उलट असतें.

पांच वर्षांपूर्वीं चिरंजीवांनीं शंभर सी. सी. ची हलकी गाडी घेतली. ते नोकरीनिमित्त पुण्यास असतात, म्हणून ती बहुधा घरींच उभी असते. त्यामुळें आम्ही कधीं ही, तर कधीं ती, अशा दोन्ही गाड्या चालवूं लागलों. यांत कांहीं वावगें आहे असें त्या वेळीं मनांतहि आलें नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत एके दिवशीं कुटुंबासह बुलेटवरून मळ्यांतून परतत होतों. दिवस मावळला होता. उसाचा गळीत हंगाम चालू होता. टायर फुटलेली एक ट्रॉली रस्त्यांतच उभी होती. तिला मागें तांबडा दिवा नव्हता, चकाकणारी पट्टीहि नव्हती. समोरून येणाऱ्या मोटारीचा झोत आमच्या डोळ्यांवर आला, आणि ट्रॉली दिसली ती अगदीं जवळ आल्यावर. आम्हीं ब्रेक म्हणून उजवा पाय दाबला, तो पडला गिअरवर. मग हातानें पुढचा ब्रेक आवळला, गाडी घसरली व कडेच्या चरांत गेली. आम्हांस केवळ खरचटलें. कुटुंबाच्या उजव्या मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें होता.

भेटावयास आलेल्या सर्वांनीं ट्रॉलीवाल्यास दोष दिला, व तो दोष खराच आहे. परंतु तेवढ्यानें आमचें समाधान होईना. चाळिशींत असतों तर तीच ट्रॉली आम्हांस आधीं दिसली असती, आणि पायहि चुकला नसता. घरांत कोणी एक शब्द काढला नाहीं. एकदां मात्र डाव्या हातानें चहाचा कप पुढें करीत ती म्हणाली, “गाडी तुमची आहे, पण मागें मी बसतें.” यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्यानंतर आम्हीं या विषयाचा नीट विचार करण्यास आरंभ केला.

वय वाढतें तेव्हां प्रथम रात्रींची दृष्टि मंदावते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशींतल्या माणसाच्या मानानें सुमारें एक तृतीयांशच उजेड पोंचतो. मोतीबिंदु होऊं लागला असेल तर समोरचा झोत अधिकच पसरतो. दिवसां चष्म्याचा नंबर बरोबर असला, तरी रात्रींची खात्री त्यावरून देतां येत नाहीं. दुसरी गोष्ट हालचालीची. ताशीं ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत ११ मीटर, म्हणजे सुमारें ३६ फूट जाते. पाय ब्रेकवर पडण्यास अर्धा सेकंद अधिक लागला, तर गाडी १८ फूट पुढें गेलेली असते. तेवढ्या १८ फुटांतच आमची ट्रॉली उभी होती.

हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाहीं. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांपैकीं ७४,८९७, म्हणजे शंभरांत ४४ हून अधिक, दुचाकीवरचीं होतीं.

म्हणून प्रत्येकानें पुढील परीक्षा एकान्तांत, स्वतःशीं खरें बोलून घ्यावी. गाडी मधल्या स्टँडवर एकट्यानें चढवितां येते काय? आडवी पडली तर कोणास हांक न मारतां उभी करितां येते काय? वळतांना मान फिरवून मागचें वाहन पाहतां येतें, कीं केवळ आरशावर विसंबावें लागतें? मधुमेहानें तळपायांस बधिरपणा आला आहे काय? झोंप आणणारें औषध चालू आहे काय? गेल्या वर्षांत थोडक्यांत बचावलों असें किती वेळां झालें? यांतील दोन उत्तरें प्रतिकूल आलीं, तर निर्णय लांबणीवर टाकूं नये.

दुसरी परीक्षा गरजेची. आम्हीं एक महिना वहींत टांचण ठेविलें. ३० दिवसांत गाडी ११ दिवस काढली. त्यांपैकीं सात फेऱ्या मळ्याच्या, तीन बाजाराच्या, व एक केवळ गाडी बसून राहूं नये म्हणून. बुलेटवांचून अडलें असतें असें काम त्यांत एकहि निघालें नाहीं. हें वाचून आम्हांस थोडें वाईट वाटलें हें कबूल करितों. पण वही खोटें बोलत नाहीं.

केवळ ‘ठेवावी’ व ‘विकावी’ असे दोनच मार्ग आहेत असें मात्र नाहीं. ज्याची प्रकृति ठीक आहे, पण रात्रीं दिसत नाहीं, त्यानें सूर्यास्तानंतर गाडी न काढण्याचा नियम करावा. ज्यास वजन झेपत नाहीं, त्यानें हलकी गाडी घ्यावी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी. पर्यंतच्या गाड्यांस दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची, व त्यावरील गाड्यांस चाक न अडकूं देणारी एबीएस योजना सक्तीची झाली. जुन्या गाडींत ही सोय नाहीं. उजव्या गिअरची व डाव्या गिअरची अशा दोन गाड्या एकाच माणसानें आलटून पालटून चालवूं नयेत, हें आम्ही मनगटाची किंमत देऊन शिकलों. तालुक्यास जाण्याकरितां एस. टी. आहेच, तींत २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांस मोफत प्रवास व २०२३ पासून स्त्रियांस अर्धें तिकीट सुरू झालें आहे.

कायद्याच्या मुदतीहि विचारास सोयीच्या आहेत. ५० ते ५५ या वयांत नवा केलेला परवाना वयाच्या ६० व्या वर्षापर्यंत चालतो. ५५ नंतर तो पांच-पांच वर्षांनीं नवा करावा लागतो व डॉक्टरचा दाखला लागतो. हा दाखला केवळ सहीपुरता न घेतां डोळे खरोखर तपासून घ्यावेत. गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढें पांच-पांच वर्षांनीं वाढवावी लागते. आमच्या बुलेटची मुदत २०२७ सालीं संपावयाची होती.

विकतांना एक सावधगिरी अवश्य ठेवावी. फेरफार न करितां जमीन विकल्यास काय होतें, हें कारकुनींत आम्हीं आयुष्यभर पाहिलें. गाडीचेंहि तेंच आहे. तोंडी व्यवहार करून, पैसे घेऊन चावी देऊं नये. नमुना २९ व ३० भरावे. विकणारानें १४ दिवसांत व घेणारानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावें, आणि विमाहि नव्या मालकाच्या नांवें करून घ्यावा. नोंदणी ज्याच्या नांवें आहे तोच भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. मुलास किंवा पुतण्यास गाडी दिली तरी हाच नियम समजावा.

आमचा निर्णय असा झाला. शेजारच्या गांवच्या एका तरुण शेतकऱ्यास, जो स्वतः यंत्राचें काम जाणतो, आम्हीं बुलेट दिली; प्रथम कागद झाले, नंतर चावी. नेतांना त्यानें ती पहिल्याच किकेला सुरू केली. आम्हांस अलीकडे तीन-चार लागत असत. चिरंजीवांची हलकी गाडी आम्ही केवळ उजेडीं, शिरस्त्राण घालून, मळ्यापर्यंत चालवितों. मागें कुटुंब बसतें, तिचेंहि शिरस्त्राण घेतलें आहे. डोळ्यांची तपासणी दर वर्षीं करावयाची, व डॉक्टरानें नको म्हटलें त्या दिवशीं हीहि गाडी सोडावयाची, असें दोघांनीं मिळून ठरविलें आहे.

आमचाच निर्णय प्रत्येकानें घ्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. साठीनंतरहि उत्तम गाडी चालविणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत. परंतु जो निर्णय घ्यावयाचा, तो आपल्या पायांनीं चालत जाऊन घ्यावा. चरांत पडल्यावर घेऊं नये. वाचकांनीं आपले अनुभव कळविल्यास पुढील अंकीं त्यांचा परामर्श घेऊं.