लाकडांतील गाठ आणि वीणेचा नाद

सागवानाची फळी रंधून काढली म्हणजे तिच्यावर उमटणाऱ्या रेषा सगळीकडे सारख्याच मोहक नसतात. सरळ वाढलेल्या खोडाच्या फळीवर त्या वहीच्या पानावर आंखल्यासारख्या एकामागून एक जातात. जेथें फांदी फुटली, जेथें खोडाला बेचकें आलें, किंवा जुन्या घावावर नवें लाकूड चढून तो बुजला, तेथें मात्र तंतूंना वळसा घ्यावा लागतो. आणि त्या वळशामुळें फळीवर भोंवरे, लाटा, मोरपिसाच्या डोळ्यासारखीं वर्तुळें दिसूं लागतात. गिऱ्हाइकाची दृष्टि खिळते ती अशाच फळीवर. परंतु ज्या कारणानें ही नक्षी उत्पन्न होते, त्याच कारणानें लाकडांत पोकळीहि राहते. मेलेल्या फांदीभोंवतीं खोड वाढत गेलें, तर त्या फांदीचा खोडाशीं सांधा जुळत नाहीं. गाठ सैल राहते आणि लाकूड वाळल्यावर निखळून पडते. बेचक्यांत दोन्ही बाजूंची साल कोंडली जाते व पुढें कुजून तिची माती होते. घरांतील कपाटाचें अशा पोकळीनें फारसें बिघडत नाहीं. वाद्याची गोष्ट निराळी.

वऱ्हाडाला सागवान परकें नाहीं. सातपुड्याच्या गाविलगड रांगेंतील मेळघाटचें जंगल मुख्यतः सागाचेंच, आणि परतवाड्याची लाकडाची पेठ अमरावती-अकोल्याकडील सुतारांच्या चांगल्या परिचयाची. १९७४ सालीं मेळघाटांत व्याघ्रप्रकल्प झाला व जंगलाच्या राखीव गाभ्यांत कुऱ्हाड थांबली. तें योग्यच झालें. पण मोठ्या घेराचा, एकहि गाठ नसलेला ओंडका आतां सहजासहजीं हातीं लागत नाहीं. गाठीचें लाकूड वाद्याला वापरूंच नये, हा जुना उपदेश ऐकण्यास सोपा, आचरण्यास कठीण झाला आहे.

यांतहि वाद्यावाद्यांत भेद आहे. मिरजेस फरीदसाहेब शिकलगार यांनीं एकोणिसाव्या शतकांत सतार-तंबोऱ्यांच्या धंद्याचा पाया घातला, आणि २०२४ सालीं तेथील सतार व तानपुरा यांना भौगोलिक मानांकनहि मिळालें. त्या तंबोऱ्याचें पोट भोपळ्याचें असतें. लाकूड लागतें तें दांडीला, तबलीला आणि इतर भागांना. उलट वारकऱ्यांच्या गळ्यांतील जी वीणा अखंड लाकडांतून कोरून काढतात, तिचें पोटहि लाकडाचेंच. ओंडका बाहेरून निर्दोष दिसतो. निम्में पोट कोरून होतें, आणि मग एकाएकीं पटाशी मऊ जागेंत शिरून काळी साल बाहेर येते. कित्येक दिवसांची मेहनत टाकून द्यावी, कीं पोकळी भरून काम पुढें न्यावें, हा प्रश्न त्या घटकेस उभा राहतो.

पोकळी भरणें म्हणजे भोंक बुजविणें एवढीच समजूत असेल, तर वऱ्हाडची हवा ती वर्षभरांत खोटी ठरविते. अकोल्याचा वैशाख ४५ अंशांपर्यंत तापतो आणि दुपारच्या हवेंतील आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते; श्रावणांतल्या सकाळीं तीच ८० च्या वर असते. दिंडीच्या वीणेला तर हा सारा पालट वाटेवरच सोसावा लागतो. शेगांवच्या श्रीगजानन महाराजांची पालखी उन्हाच्या दिवसांत निघून अकोल्यावरून सुमारें महिनाभर पायीं चालत आषाढीला पंढरपुरास पोंचते; अमरावती जिल्ह्यांतील कौंडिण्यपुराहून रुक्मिणीची पालखी जाते. विणेकऱ्याच्या गळ्यांतील वीणा कोरड्या उन्हांत निघते आणि पावसांत पोंचते.

लाकूड उभ्या तंतूंच्या दिशेनें जवळजवळ आकसत नाहीं. आडव्या दिशेनें मात्र तें आकसतें व फुगतें, आणि तेंहि सारखें नाहीं: वर्षवलयांच्या कडेनें जितकें, त्याच्या सुमारें निम्में गाभ्याकडून सालीकडे. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. लाकूड वाळून आकसलें म्हणजे त्यांतील भोंक मोठें होतें, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः भोंकहि लाकडाबरोबर लहान होतें. कापड आटलें म्हणजे त्यावर काढलेलें वर्तुळ लहान व्हावें तसें. सागवानांतील ओलावा दहा टक्क्यांनीं बदलला, तर १० मिलिमीटर रुंद भोंक आडव्या दिशेनें सुमारें दोन दशांश मिलिमीटरनें बदलतें. दोन कागदांच्या जाडीएवढें हें अंतर. सुताराला क्षुल्लक, वाद्याला नव्हे.

आतां या भोंकांत दगडासारखा कठीण होणारा लेप भरला असें समजा. उन्हाळ्यांत भोंक आंवळतें, लेप दबत नाहीं, म्हणून भोंवतालचे तंतु चिरडले जातात. पावसाळ्यांत भोंक पुन्हा फुगतें, पण चिरडलेले तंतु पूर्ववत् होत नाहींत. लेपाभोंवतीं केसाएवढी फट पडते. दुसऱ्या वर्षीं ती वाढते, तिसऱ्या वर्षीं लेप आंतल्या आंत हलूं लागतो.

हलूं लागलेला लेप वाजतो, आणि खरा घात तेथें होतो. आपल्या तंतुवाद्यांचा जीव जवारींत आहे. घोडीचा माथा अशा बेतानें घांसलेला असतो कीं, तार त्याला चाटून जावी व सुराभोंवतीं एक मधुर गुंजन उठावें. सैल लेपाची करकर या गुंजनांत मिसळून जाते. ऐकणाऱ्यास वाटतें जवारी बिघडली. तो घोडी घांसावयास बसतो. घोडी जाते, पैसा जातो, करकर मात्र राहते. अशा वेळीं घोडीला हात लावण्यापूर्वीं तार छेडून भरलेल्या जागेवर बोट दाबून धरावें. आवाज थांबला तर दोष कोठें आहे हें कळलें. इतकी साधी परीक्षा पुष्कळदा कोणी करीत नाहीं.

म्हणून खडूची भुकटी व जवसाचें तेल यांची लांबी, जी दारें-खिडक्यांना उत्तम, ती वाद्याला निरुपयोगी होय. तेल भोंवतालच्या लाकडांत मुरतें व त्यावर पुढें सरस धरत नाहीं. सागाच्या उघड्या छिद्रांत पांढरी भुकटी अडकून राहते ती निराळीच.

मोठ्या पोकळीला उत्तम उपाय म्हणजे त्याच ओंडक्याचा तुकडा. प्रथम कुजलेली साल, भुसा, किड्यांची विष्ठा हें सर्व आरीनें व पटाशीनें खरवडून, टणक लाकूड लागेपर्यंत जागा साफ करावी. या कामांत हात आंखडता घेणें म्हणजे पुढच्या दुरुस्तीची तयारी करणें होय. मग भोंकाचें तोंड शंकरपाळ्याच्या आकाराचें कापावें. तंतूंवर सरळ आडवा गेलेला सांधा लांबूनहि दिसतो. तिरका सांधा रेषांत हरवून जातो. ठिगळाच्या कडा बाटलीच्या बुचासारख्या किंचित् निमुळत्या ठेवाव्या, म्हणजे तें दाबतांच घट्ट बसतें. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, ठिगळाचे तंतु वाद्याच्या तंतूंच्याच दिशेनें गेले पाहिजेत. घाईचा कारागीर गोल खुंटी ठोकून मोकळा होतो. पण त्या खुंटीचे तंतु तोंडाकडे उभे असतात. ती सर्व बाजूंनीं आकसते, तर भोंवतालचें लाकूड उभ्या दिशेनें आकसतच नाहीं. दोघांचा संसार जुळत नाहीं. शिवाय उभ्या तंतूंच्या टोंकांत पॉलिश अधिक मुरून तेथें काळा ठिपका उठतो.

सागाला एक खोड आहे. त्याच्या आंगीं तेलकटपणा असल्यानें जुन्या, रंधून बरेच दिवस झालेल्या पृष्ठावर सरस नीट धरत नाहीं. कडा ताज्या तासून, स्पिरिटनें पुसून, लगेच सरस लावावा व दाबून ठेवावें.

टांचणीएवढ्या छिद्रांसाठीं ठिगळ लागत नाहीं. त्याच लाकडाची बारीक भुकटी चालते. पण करवतीच्या जाड भुशापेक्षां कांचेच्या कागदानें घांसून पडलेली भुकटी बरी. ती सरसांत कालवली तर वाळल्यावर काळपट दिसते. स्पिरिटांत विरघळविलेल्या चपडीलाखेंत कालवली तर रंग पुष्कळसा जुळतो. जरा मोठ्या भोंकांत कांडीची लाख तापल्या लोखंडानें पाघळून भरतात. सोनार पोकळ दागिन्यांत लाख भरतो, तसाच हा प्रकार. लाख थंड झाल्यावर लगेच खरवडतां येते आणि चुकली तर पुन्हा तापवून काढतां येते, हा तिचा मोठा गुण. दोष एवढाच कीं उष्णतेनें ती मऊ होते. वैशाखांत बंद मोटारींत ठेवलेल्या वाद्याची लाखच काय, सरसाचा सांधाहि धोक्यांत येतो.

विसाव्या शतकाच्या मध्यास एपॉक्सी चिकटा बाजारांत आला, आणि १९५८ पासून सायनोअॅक्रिलेट, म्हणजे ज्याला सर्वत्र क्षणांत चिकटणारा गोंद म्हणून ओळखतात तो, मिळूं लागला. केसाएवढ्या भेगेंत हा पातळ गोंद आपोआप ओढला जातो; तेथें त्याच्या तोडीचें दुसरें कांहीं नाहीं. एपॉक्सीला ओलाव्याचें भय नाहीं. पण रुंद भोंक नुसत्या एपॉक्सीनें भरलें, तर वर सांगितलेला आंवळण्या-फुगण्याचा झगडा चुकत नाहीं. शिवाय सरसाचा सांधा ऊब व ओल देऊन पुढच्या पिढीच्या कारागिराला उकलतां येतो. एपॉक्सीचा सांधा तसा सहज उकलत नाहीं. दुरुस्त होत होत शंभर वर्षें चालावें अशी वाद्याची अपेक्षा असेल, तर सरसाची बाजू घेणेंच शहाणपणाचें.

पोकळी कोठें आहे यावर तर सारेंच अवलंबून. पोटाच्या जाड भिंतींत असेल तर ती निर्धास्तपणें भरावी. तबली बसविण्यापूर्वीं अंधारांत आंत दिवा धरला म्हणजे आरपार गेलेलें बारीकसें छिद्रहि उजेडानें दिसतें. भेग असेल तर तिच्यावर आंतून आडव्या तंतूंचीं लहान लांकडी पट्ट्यांचीं ठिगळें चिकटवितात. व्हायोलिनच्या दुरुस्तींत हा उपाय सर्वत्र चालतो. दांडींतील पोकळी वजनदार, कारण तारांचा ओढा अखंड तिच्यावर असतो. भरलेली जागा दिसावयास गुळगुळीत असली तरी दांडी त्या ठिकाणीं वांकते आणि सूर उतरतो. तबलीवर घोडीजवळ गाठ किंवा भोंक असेल तर ती तबली बाजूस ठेवावी. पातळ फळीचें कंपन जेथें सर्वाधिक, तेथेंच कठीण गाठ किंवा मऊ लेप आला तर नाद दबतो, आणि कोणतेंहि कौशल्य तो परत आणूं शकत नाहीं.

खंजिरीला निराळा नियम लागतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळें हें वाद्य अमरावती जिल्ह्यांतील मोझरीच्या नांवाशीं कायमचें जोडलें गेलें आहे. तिच्या कड्यावर चामडें ओलें असतांना ताणून बसवितात. तेव्हां कड्याच्या कांठाशीं असलेली पोकळी सरसानें भरणें व्यर्थ, कारण ओल लागतांच सरस मऊ पडतो. तेथें घट्ट बसलेलें लाकूड व पाण्याला न बधणारा चिकटा हाच उपाय.

भरलेली जागा लपवावीच असेंहि नाहीं. अमेरिकेंतील बॉब टेलर या गिटारकारानें १९९५ सालीं मालवाहतुकीच्या टाकाऊ लांकडी चौकटीच्या फळ्यांपासून गिटार घडविली, आणि फळ्यांतील खिळ्यांचीं भोंकें लपविण्याऐवजीं त्यांत धातूच्या चकत्या बसवून तीं मिरविलीं. वीणेच्या पोटावरील गाठ शिसवीच्या गडद ठिगळानें भरली, तर तेंहि शोभेल. मात्र दोन्ही लाकडांचे तंतु एकाच दिशेस हवेत.

पोकळी भरल्यावर पॉलिशची घाई करूं नये. वीणा उन्हाळ्यांत तयार झाली असेल, तर एक पावसाळा ती तशीच खुंटीवर राहूं द्यावी. दिवाळीच्या सुमारास भरलेल्या जागेवरून नख फिरवावें. नख अडलें तर ठिगळ पुन्हा तासावें, फट दिसली तर तें काढून नवें बसवावें, आणि नख सरळ निघून गेलें तर चपडीचा पहिला हात द्यावा.