पायऱ्या चढायच्या की उतरायच्या? अंबरनाथचं शिवालय आणि ‘तीर्थ’ ही कल्पना

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, “सर, देवळात जाताना आपण पायऱ्या चढतो. मग अंबरनाथला उतरावं का लागतं? देऊळ खचलंय का?” प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर देताना मंदिर या कल्पनेचाच अर्थ सांगावा लागतो. म्हणून आज तेवढ्याच विषयावर बोलतो.

आधी काळ पक्का करू. हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, असं आपल्याकडे सांगतात. दुसरं, त्याला सर्रास ‘हेमाडपंती’ म्हणतात. आता बघा, या देवळातल्या शिलालेखात शके 982 हे वर्ष आहे. त्यात 78 मिळवा, म्हणजे इ.स. 1060 येतं. लेखात माम्वाणी राजाचं नाव आहे, म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार राजा मुम्मुणी. काम त्याचा भाऊ छित्तराज याच्या काळात सुरू झालं आणि मुम्मुणीच्या वेळी पुरं झालं, असं अभ्यासक मानतात. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. म्हणजे देऊळ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं! काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायचं, ही आपली सवय झाली आहे, इतकंच.

मग शैली कोणती? भूमिज. भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात भूमिज प्रासादांचं वर्णन येतं. ‘भूमी’ म्हणजे जमीन, तसाच शिल्पशास्त्रात ‘भूमी’ म्हणजे मजला. शिखराच्या चार दिशांना तळापासून वर जाणारे चार उभे पट्टे असतात, त्यांना लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, एकीवर एक, वर लहान होत गेलेल्या. लांबून पाहिलं तर एक पर्वत दिसतो, आणि त्या पर्वतावर पुन्हा शेकडो लहान पर्वत. माळव्यात उदयपूरचं उदयेश्वर आणि आपल्याकडे सिन्नरचं गोंदेश्वर, ही याच कुळातली देवळं. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज शाबूत नाही. ‘अंबर’ म्हणजे आकाश, म्हणून छप्पर मोकळं ठेवलं, असं काही जण सांगतात. पण अपुरं शिखर ही मूळ योजना नव्हे, बरं का.

आता प्रश्नाकडे येऊ. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. मंडपाला तीन बाजूंनी प्रवेश आहे, आत कोरीव खांब आहेत. तिथवर सगळं नेहमीसारखं. पण गाभाऱ्याच्या दारातून पुढे गेलात की वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. खाली शिवलिंग आहे. हे खचणं नव्हे. जमीन खचली असती तर वरच्या भिंतींची मांडणी इतकी नेटकी राहिली नसती. ही मुद्दाम केलेली रचना आहे. औंढा नागनाथलाही असंच खाली उतरावं लागतं.

यामागचा विचार आपल्या शब्दांतच आहे. आपण ‘गाभारा’ म्हणतो, मूळ शब्द ‘गर्भगृह’. गर्भ अंधारात वाढतो. कठोपनिषदात आत्मतत्त्व गुहेत ठेवलेलं आहे, अशी कल्पना येते. ती गुहा म्हणजे हृदय. देऊळ बाहेरून पर्वत असेल, तर आतून ते गुहाच असणार. बाहेरच्या भिंतींवर देव, देवी, हत्तींचे थर, नर्तकी, सगळं जग भरलेलं आहे. आत जाल तसं कोरीवकाम कमी, उजेड कमी, माणसं कमी. शेवटी एक पिंडी आणि तुम्ही. डोळा बाहेर खूप पाहतो आणि मग हळूहळू आत वळतो. अंबरनाथला हा प्रवास पायांनाही करावा लागतो, एवढाच फरक.

आता शेवटचा मुद्दा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त म्हटलंय की जिथे पाणी आणि झाडी असते तिथे देव रमतात. म्हणजे पाणी ही देवळाची शोभा नाही, ती देवळाची अट आहे. ‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थच नदीचा उतार, पाण्यात उतरण्याची जागा. अंबरनाथचं देऊळ वालधुनीच्या काठी आहे ते यामुळेच. ही नदी इथल्या डोंगरात उगम पावते आणि उल्हासनगरावरून कल्याणकडे जाते. आज त्या पाण्यात कारखान्यांचं आणि गटारांचं काय काय मिसळतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. रेल्वेने जाताना नाकाला रुमाल आपणच लावतो.

देऊळ पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, त्याच्या दगडाला धक्का लावायला बंदी आहे. ते योग्यच आहे. पण शिलाहारांच्या स्थपतीने देऊळ आणि नदी मिळून एकच वस्तू रचली होती. त्यातलं अर्धं आपण जपलं आणि अर्ध्याकडे पाठ फिरवली. महाशिवरात्रीला लाखभर पावलं गाभाऱ्यात उतरायला रांगेत उभी राहतात. त्यांतला एकही माणूस नदीत उतरू शकत नाही. ज्या जागी पाण्यात उतरता येत नाही, तिला शब्दशः तीर्थ म्हणता येईल का?

तर त्या श्रोत्यांना माझं उत्तर असं: देऊळ खचलेलं नाही. पुढच्या वेळी दर्शन झालं की लगेच स्टेशनकडे वळू नका. दहा पावलं नदीकडे जा आणि क्षणभर पाहा. तेही दर्शनच आहे.

पुढच्या व्याख्यानात मंडप आणि त्याच्या छताबद्दल बोलू.